अपघातानंतरच्या सोनोग्राफीत किडनीत सिस्ट दिसली, तर घाबरायचं का?

तुमच्या वडिलांची दुचाकी घसरली, कॅज्युअल्टीत पोटाची सोनोग्राफी झाली, 'पोटात रक्तस्राव नाही' म्हणून घरी सोडलं आणि डिस्चार्ज कार्डावर 'उजव्या किडनीत सिस्ट' एवढंच लिहून दिलं. ही सिस्ट अपघाताने झाली का, आणि आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी कॅज्युअल्टीतच काम करते, अशा ओळी मीही लिहिते.

सिस्ट अपघाताने झालेली नाही. ती बहुधा आधीपासूनच होती. वय वाढलं की किडनीत पाण्याच्या अशा पिशव्या पुष्कळांना होतात. पातळ भिंत, आत नुसतं पाणी, अशी साधी सिस्ट असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही.

मग ती नेमकी आत्ताच कशी दिसली? या तपासणीला आम्ही 'फास्ट' म्हणतो. काही मिनिटांत चार जागा बघायच्या: यकृत आणि उजवी किडनी यांच्यामधली फट, प्लीहा आणि डावी किडनी यांच्यामधली फट, ओटीपोट आणि हृदयाभोवतीचं आवरण. तिथे रक्त साठलंय का, एवढंच शोधायचं असतं. पण किडनी समोरच असते, त्यामुळे सिस्ट, मुतखड्याने फुगलेली किडनी, कधी शेजारचे पित्ताशयातले खडेही दिसून जातात.

यातलं काही त्याच क्षणी महत्त्वाचं ठरतं. यकृताच्या जुन्या आजाराने पोटात साठलेलं पाणी पडद्यावर रक्तासारखंच काळं दिसतं, म्हणून दारूची किंवा काविळीची माहिती नातेवाइकांनी कृपा करून लपवू नये. मलेरियाने वाढलेली प्लीहा किरकोळ मारानेही फाटू शकते. एखादीला आपण गरोदर आहोत हे याच तपासणीत कळतं, आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांचा विचार बदलतो.

तुमच्या बाबतीत घाई नाही, पण विसरूही नका. घाईत दिसलेली सिस्ट म्हणजे निदान नव्हे. काही आठवड्यांत रेडिओलॉजिस्टकडून पोटाची पूर्ण सोनोग्राफी करून घ्या. सिस्टमध्ये पडदे किंवा घट्ट भाग दिसला, तर ते सीटी स्कॅन सुचवतील. दोन्ही किडन्यांत खूप सिस्ट निघाल्या, तर मात्र रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का, हे सांगणारी रक्ततपासणी) तपासा आणि किडनीच्या डॉक्टरांना भेटा. पॉलिसिस्टिक किडनीचा आनुवंशिक आजार असेल, तर तो प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता ५० टक्के असते, म्हणजे तुमचीही तपासणी करावी लागेल.

आत्ता मला सिस्टपेक्षा दुसरी काळजी जास्त वाटते. आतड्याची इजा किंवा पोटाच्या मागच्या भागातला रक्तस्राव 'फास्ट'मध्ये सुटू शकतो. पोटदुखी वाढली, चक्कर आली, उलट्या झाल्या किंवा लघवी लाल झाली, तर रात्र असली तरी लगेच दवाखान्यात न्या.

आणि मूळ कार्ड विम्याच्या क्लेमला लावण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवा. बऱ्याच घरांत ती ओळ त्या फायलीबरोबरच निघून जाते आणि पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.