वाचकांचे प्रश्न : रॅप, पोवाडा आणि सोलापूरची बोली

प्रश्न : माझा नातू दिवसभर रॅप ऐकत असतो. काही म्हटले की, "आजोबा, हे तुमच्या पोवाड्याचेच नवे रूप आहे," असे उत्तर देतो. मी आयुष्यभर मराठी शिकवले, लहानपणी शाहीर अमर शेख यांचा आवाज प्रत्यक्ष ऐकला. चाल नसलेल्या या भरभर बोलण्याला पोवाडा कसे म्हणावे?
— निवृत्त शिक्षक, मुरारजी पेठ, सोलापूर

उत्तर : पोवाडा म्हणू नये, या मताशी मी सहमत आहे. मात्र चाल नसणे हा रॅपचा दोष मानायला मी तयार नाही. पोवाड्यात शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, मागे साथ करणारे झीलकरी धृपद उचलून धरतात आणि मध्येच डफ थांबवून प्रसंग गद्यात समजावला जातो. रॅपमध्ये बहुधा बोलणारा स्वतःविषयी आणि स्वतःच्या गल्लीविषयी बोलतो. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क यांनी दोन तबकड्या आलटून पालटून वाजवत गाण्यातला नुसता तालाचा तुकडा लांबवला, आणि अशा तुकड्यांवर बोलता बोलता हा प्रकार घडत गेला. चाल मुळातच बाजूला राहिल्यामुळे ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याचे सारे ओझे यमकावर आणि शब्दाच्या वजनावर येऊन पडते.

म्हणून नातवाला पोवाड्यापेक्षा लावणीकडे न्यावे, आणि तेही आपल्या सोलापूरच्याच राम जोशींच्या लावणीकडे. मराठी वाक्य क्रियापदावर संपत असल्याने 'येतो, जातो, खातो' असे यमक फुकटात मिळते आणि आजचे निम्म्याहून अधिक मराठी रॅप या फुकटच्या यमकावर निजलेले असतात. 'सुंदरा मनामधे भरली' या लावणीत राम जोशींनी काय केले ते पाहावे. 'भरली', 'ठरली', 'शिरली' ही तीन क्रियापदे त्यांनी ओळीच्या पोटातच झटपट उडवून दिली, ओळ थांबवली ती 'भांग' या नामावर, आणि पुढे त्याला यमक जुळवले ते 'सांग' या आज्ञार्थाचे. आज रॅपर ज्याला आतले यमक म्हणतात आणि मोठ्या अभिमानाने मिरवतात, ते पेशवाईतच सोलापूरच्या या शाहिराच्या हाती किती पक्के बसले होते, हे नातवाला ताल धरून म्हणून दाखवावे. पाठ्यपुस्तकाच्या आवाजात मात्र वाचू नये.

अमर शेख यांचा वारसा असेल तर तो आशयात शोधावा लागेल. बार्शीचा हा शाहीर गिरणी कामगारांच्या चळवळीतून पुढे आला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगावी गायला. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटाने आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 2019 मध्ये 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. आरेच्या जंगलाबद्दल आणि आदिवासींच्या जमिनीबद्दलचा त्यातला राग उसना वाटत नाही. नव्या रॅपपैकी एकच काही ऐकायचे असेल, तर आपण हे ऐकावे असे मी आग्रहाने सांगेन. याउलट गावाचे नाव, मिशीचा पीळ आणि गाड्यांचा ताफा एवढ्यावर उभी असलेली गाणी मला दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत.

प्रश्न : शिव्यांशिवाय रॅप होऊ शकतो का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : होऊ शकतो आणि होतो. शिवी ही भरतीला टाकली की ओळ सैल पडते. ज्या माणसाच्या तोंडी ती खरोखर असते, त्याच्या तोंडून ती काढून घेतली तरी ओळ खोटी वाटते. ओळ शिवीविना म्हणून पाहावी. काहीच हरवले नाही, तर शिवी काढून टाकावी.

प्रश्न : आमच्या घरी तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी आणि मित्रांत दखनी, म्हणजे इकडची हिंदी-उर्दू. मी रॅप लिहितो, पण मुंबईच्या हिंदीत, कारण सोलापुरी बोललो की लोक हसतात. वडिलांच्या यंत्रमागाचा आवाज मोबाइलवर घेतला आहे, त्याचा बीट, म्हणजे गाण्याखालचा ताल, करावा असे मनात आहे. कोणत्या भाषेत लिहू?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले. तीन भाषा घरातून आणि गल्लीतून मिळालेला मुलगा चौथी भाषा उसनी आणतो, ती केवळ कोणी हसू नये म्हणून. तुमच्या हिंदीला माझा विरोध नाही, मुंबईच्या हिंदीला आहे. पुण्याचा एमसी स्टॅन मुख्यतः हिंदीतच रॅप करतो, पण ती हिंदी पुण्याच्या वस्तीतली आहे, आणि तीच घेऊन तो 2023 मध्ये 'बिग बॉस'चे सोळावे पर्व जिंकला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडीत रॅप करतो आणि वऱ्हाडाबाहेरही ऐकला जातो. तुम्ही दखनीत लिहिलेत तर ते सोलापूरचेच होईल. मुंबईचे 'अपुन' आणि 'बंटाय' लिहिलेत तर ते कोणाचेच होणार नाही.

तरीही माझा कौल विचाराल, तर सोलापुरी मराठीत लिहा. 'काय करत आहेस' हे तालात म्हणून पाहा. 'करत' आणि 'आहेस' यांच्या सांध्यावर जीभ अडखळते. आता 'काय करायलास बे' म्हणा. 'करायलास' एका दमात घरंगळत जाते आणि 'बे' नेमका ठोक्यावर पडतो. ज्या 'बे'ला लोक हसतात, तो तुमच्या ओळीचा आयता शेवटचा ठोका आहे. आईशी बोलताना येणारे तेलुगू शब्द जसे येतील तसे येऊ द्या; त्यांचा अर्थ गाण्यात सांगत बसू नका, साखर पेठेत तो कोणालाही कळेल आणि बाहेरचा विचारून घेईल.

मागाच्या आवाजाबद्दल एकच सूचना. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याचा ठोका संगणकावर टाकला की तो सरळ, एकसारखा करून घेण्याचा मोह होईल. तसे करू नका. सूत तुटले की माग थांबतो, वडील तुटलेली टोके जोडतात आणि मग तो पुन्हा सुरू होतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता कोठे ना कोठे असेल. ती कापू नका. तुमची सर्वांत महत्त्वाची ओळ त्या शांततेत, बीटविना म्हणा आणि माग सुरू होईल त्याच ठोक्यावर पुढची ओळ उचला.