घरून काम करणाऱ्याला विसरू नकोस

टीम लीड झालास, म्हणून पहिल्याच महिन्यात सांगतो. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर अशा टीमवर नुसती नजर ठेवून भागत नाही. आपल्या चिकलठाण्याच्या ऑफिसात डोळ्यांसमोर बसलेला पोरगा राबतोय असं वाटतं, आणि अंबाजोगाईहून घरून काम करणारी पोरगी लक्षातच राहत नाही.

माझ्या हातून हे झालंय. अशाच एका मुलीला अप्रेझलमध्ये मी कमी गुण दिले. तिनं राजीनामा दिल्यावर वर्षभराची तिकिटं, म्हणजे सिस्टिममधल्या एकेका कामाच्या नोंदी, उघडून बसलो, तर सगळ्यात किचकट कामं तिनंच निपटलेली. त्याची खंत अजून जात नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी कुणी काय तडीस नेलं ते वहीत लिहितो. ऑनलाइनचा हिरवा ठिपका बघत नाही.

उन्हाळ्यात गावाकडं लाईट जाणारच. 'लाईट गेली' एवढी एक ओळ ग्रुपवर पुरे, उलटतपासणी नको.

वरिष्ठ कुरकुरले तर अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांचा प्रयोग दाखव, २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेला. 'ट्रिप.कॉम' या चिनी प्रवास कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी घसरली नाही, उलट नोकरी सोडणं एक तृतीयांशानं घटलं. बायका आणि लांबून येणारे यांच्यात जास्तच.

आणि ऑफिसच्या दिवशी मीटिंगा लावू नकोस रे. एकेकाला चहाला ने, घरचं विचार, अडलंय कुठं ते विचार. फोनवर माणूस 'सगळं ठीक आहे सर' एवढंच म्हणतो.