अंग दुखतं, मन लागत नाही: वाचकांचे प्रश्न

गेल्या पावसाळ्यात चिकुनगुन्या झाला. ताप गेला, पण सांधे अजून धरतात आणि कशातच मन लागत नाही. घरचे म्हणतात, 'मनाला लावून घेऊ नको.' हे सगळं मनाचंच आहे का? (वाचक, माजलगाव)

नाही. हे उत्तर घरच्यांनाही वाचून दाखवा. ताप आला की भाकरी नकोशी होते, कुणी बोलायला आलं तरी नको वाटतं. जंतूंशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, त्यांचा निरोप मेंदूला पोचतो आणि मेंदू आपल्याला पडून राहायला लावतो. चार दिवस हे उपयोगाचंच. पण सांध्यांची सूज महिनोन्महिने टिकली, तर तो निरोपही येतच राहू शकतो. पूर्वी हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. इंटरफेरॉन हेही सायटोकाइनच. तोवर मनाने ठणठणीत असलेल्या कितीतरी रुग्णांना त्या उपचारात नैराश्य आलं. सांध्यांचे उपचार चालू ठेवा, मनाचंही डॉक्टरांना सांगा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी १२ तपासून घ्या.

माझा सीआरपी वाढलाय. सूज उतरवायच्या गोळ्यांनी नैराश्य जाईल का? (वाचक, लातूर)

सीआरपी म्हणजे शरीरात सूज असल्याचं सांगणारी रक्ततपासणी. गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्ही धोक्यात येतात. नैराश्याच्या साधारण चौथाई रुग्णांतच सीआरपी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर दिसतो, आणि तो हिरड्यांच्या आजाराने, लठ्ठपणानेही वाढतो. अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब हे सूजविरोधी औषध नैराश्यावर तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१३ साली छापून आले. एकंदरीत फरक पडला नाही. ज्यांची सूज मुळात जास्त होती, त्यांनाच फायदा झाल्यासारखा दिसला.

भाऊ ऊसतोडीवरून आला तो खोकतच. टीबी निघाला. गोळ्या चालू आहेत, पण 'काय उपयोग' म्हणत मधेच बुडवतो. जेवत नाही, झोपत नाही. मन खचल्याने आजार वाढतो का? (वाचक, धारूर)

वाढू शकतो. ताणात शरीर कॉर्टिसॉल सोडतं, ते सूज आवरतं. ताण लांबला की पेशी त्याला जुमानेनाशा होतात. सूज धुमसत राहते, आणि जंतूंना तोंड देणाऱ्या पेशी मात्र ढिल्या पडतात. उपाशी पोट आणि जागरण त्यात भर घालतात. पण मला जास्त काळजी बुडालेल्या गोळ्यांची वाटते, कारण त्यातूनच औषधांना दाद न देणारा टीबी तयार होतो. त्याला रागावू नका, रोज समोर बसून गोळी द्या. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेताना टीबीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या: त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे नैराश्याच्या काही औषधांचा असर कमी होतो, आणि टीबीची काही औषधं स्वतःच मनावर परिणाम करतात.

'काय उपयोग' हे शब्द हलके घेऊ नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं त्याला सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचं औषध घरातून आजच हलवा. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. तोवर बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.