छप्पर दुरुस्त करायचं की बदलायचं?

छतावर एक ओला डाग दिसला म्हणून लगेच अख्खं छप्पर उतरवायला निघू नका. आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा. डागाच्या बरोबर वरच भोक असेल असं नाही. पाणी वाशावरून किंवा स्लॅबच्या भेगेतून बरंच लांब सरकत येतं आणि भलतीकडेच टपकतं.

पत्र्याचं छप्पर असेल तर पहिल्यांदा स्क्रूखालचे रबरी वॉशर बघा. ऊन खाऊन ते कडक होतात, चिरतात. निम्म्याहून जास्त गळती तिथेच असते, असं माझं मत. वॉशर बदलून भागतं. पण दिवसा आत उभं राहून वर पाहिलं आणि पत्र्यात ठिकठिकाणी उजेडाचे ठिपके दिसले, तर डांबर फासत बसण्यात अर्थ नाही, पत्रे बदला. कौलांचं सोपं आहे: फुटकी तेवढी बदला. मात्र वासे, रिपा टोचणीने टोचून बघा. टोक सहज आत गेलं, तर सांगाडाच गेलाय.

स्लॅबचं दुखणं वेगळं. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. पोपडे पडलेत, गंजाचे तपकिरी ओघळ दिसतायत किंवा हातोडीने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज येतोय, तर वरून वॉटरप्रूफिंगचा थर मारून काही होणार नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. स्लॅब मधोमध झुकलेला वाटला, तर त्या खोलीचा वापर आजच थांबवा.

आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर चढू नका. त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुफ्फुसाला घातक असे बारीक तंतू) असू शकतं, म्हणून ते कापूही नका.