आधी मास्क

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सिममध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, केबिन अल्टिट्यूडचा (केबिनमधला हवेचा दाब किती उंचीवरच्या हवेइतका आहे त्याचा) इशारा वाजला, तू वरच्या पॅनेलकडे बघत कारण शोधत राहिलीस आणि ऑक्सिजनचा मास्क उशिरा घातलास. इन्स्ट्रक्टरचा शेरा तुझ्या मनाला लागला आहे. शेरा योग्यच होता, पण त्यामागचं कारण तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

३५,००० फुटांवर केबिनमधला हवेचा दाब गेला तर नीट काम करण्याजोगी शुद्ध साधारण ३० ते ६० सेकंदच टिकते. दाब एकदम गेला तर त्याच्याही निम्मी. कारण शोधायचं ते मेंदूने, आणि सगळ्यात आधी उपाशी पडतो तोच. म्हणून मास्क घालायचा की नाही, हा निर्णय त्याच्यावर सोडायचाच नाही. इशारा वाजला की हात मास्ककडे गेला पाहिजे. तो मास्क पाच सेकंदांत, एका हाताने घालता येईल असा केलेला असतो, तो याचसाठी.

दाब धाडकन गेला तर तुला कळेलच: कान दुखतील, केबिनमध्ये धुकं दाटेल, गारठा येईल. मला जास्त भीती वाटते ती हळूहळू होणाऱ्या गळतीची. प्रशिक्षणात मला कमी दाबाच्या चेंबरमध्ये २५,००० फुटांवर बसवून मास्क काढायला सांगितलं आणि वहीत वजाबाक्या करायला दिल्या. मजेत सोडवत होतो, सगळं बरोबर चाललंय अशी पक्की खात्री होती. नंतर वही पाहिली तर शेवटच्या तीन ओळी म्हणजे नुसत्या रेघोट्या. ती खात्री आठवली की आजही पोटात गोळा येतो.

१४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस एअरवेजचं बोईंग ७३७ लार्नाकाहून अथेन्सकडे निघालं. आदल्या रात्रीच्या तपासणीनंतर प्रेशरायझेशनचा, म्हणजे केबिनचा दाब राखणाऱ्या यंत्रणेचा, नॉब ‘ऑटो’ऐवजी मॅन्युअलवरच राहिला होता आणि उड्डाणाआधीच्या तपासण्यांत तो निसटला. चढताना केबिनचा दाब कमी झाल्याचा हॉर्न वाजला. टेकऑफसाठी विमानाची मांडणी चुकीची असल्याचा (कॉन्फिगरेशनचा) हॉर्नही त्याच आवाजाचा, आणि तो तर फक्त जमिनीवरच वाजतो. वैमानिकांना हा तोच टेकऑफचा हॉर्न वाटला. ते कंपनीशी कूलिंगच्या बिघाडाबद्दल बोलत राहिले, विमान चढत राहिलं. इंधन संपेपर्यंत ऑटोपायलटने ते उडवलं. १२१ माणसं गेली. पुढे ७३७ मध्ये या दोन इशाऱ्यांसाठी वेगळे दिवे आले. त्या दोघांना मी दोष देत नाही. कारण शोधता शोधताच त्यांची शुद्ध हरपत गेली.

मास्क घातल्यावर १०० टक्के ऑक्सिजन आहे ना ते बघ, माइक मास्कवर आण, कॅप्टनशी बोल. श्वासाच्या घरघरीत शब्द बुडतात, तेव्हा वाक्यं छोटी ठेव. मग केबिन अल्टिट्यूड आणि ती वाढण्याचा वेग वाचा. आवरत नसेल तर प्रवाशांचा ऑक्सिजन, थ्रस्ट आयडल (इंजिनांचा जोर अगदी कमी), स्पीडब्रेक (पंखांवरच्या वेग रोखणाऱ्या झडपा) आणि खाली, १०,००० फुटांवर किंवा डोंगर असतील तर तिथल्या सुरक्षित उंचीवर. विमानाच्या सांगाड्याला इजा झाल्याची शंका असेल तर वेग वाढवू नका. जमिनीवरच्या कंट्रोलला मेडे, म्हणजे संकटाचा संदेश, सांगायचंच, पण त्यांच्या परवानगीची वाट बघत वर थांबायचं नाही. प्रवाशांच्या डोक्यावरचे रासायनिक ऑक्सिजन जनरेटर बऱ्याच विमानांत साधारण १२ मिनिटंच पुरतात. उंच पर्वतांवरच्या मार्गांसाठी उतरण्याच्या वाटा आधीच आखलेल्या असतात. त्या ब्रीफिंगमध्ये मोठ्याने वाच.

आणि मागच्या क्रूला विसरू नकोस. मास्क पडले की ते मिळेल त्या सीटवर बसून आधी स्वतः मास्क लावतात. विमान नाक खाली करून का चाललंय, हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं. पीएवर, म्हणजे केबिनच्या स्पीकरवर, एक वाक्य बोललात तरी त्यांना केवढा आधार होतो! प्रत्येक ब्रीफिंगमध्ये त्यांना हेही सांग: मास्क पडलेत, तरी विमान उतरत नाहीये आणि कॉकपिटमधून काही ऐकू येत नाही, तर वाट बघू नका, आमच्याशी संपर्क करा.

आता सिमपर्यंत एक कर. रोज खुर्चीत बसून डोळे मिट आणि उजवा हात मास्कच्या जागी ने, तिथून तोंडावर, मग माइकच्या स्विचकडे. पन्नास वेळा. चष्मा लावत असशील तर चष्म्यासकट. आणि सिम झालं की लगेच फोन कर, रात्र झाली असली तरी.

तुझा,
काका