ज्याच्याविषयी बोलायचे, त्याच्यासमोर

प्रिय मित्रा,

तुझ्या गटातील दोघे जुने सहकारी, प्रोग्रॅम लिहिणारा तो आणि त्याची चाचणी करणारी ती, एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत, दोघेही वेळ साधून तुझ्याकडे येतात, दार लोटून घेतात आणि दुसऱ्याविषयी सांगतात. दोघांचेही ऐकल्यावर तुला दोघांचेही पटते, असे तू लिहिले आहेस. खरे कोणाचे, हा तुला पडलेला प्रश्न. माझ्या मते तो प्रश्न आज तुझा नाहीच. ते दार तू लोटू देतोस, हा तुझा प्रश्न आहे.

ज्याच्याविषयी बोलायचे, त्याच्यासमोर बोलायचे. गटाची जबाबदारी अंगावर आल्यापासून निवृत्त होईपर्यंत मी हा नियम धरून बसलो. तो सोयीचा नाही. पण एकाचे गाऱ्हाणे एकट्याने ऐकून घेतले की, तू काही न बोलता नुसती मान हलवलीस तरी, बाहेर जाणारा माणूस तुझी संमती घेऊन जातो. मग दुसऱ्याचे ऐकताना तू पहिल्याचे मनात धरून ऐकतोस, इकडचे तिकडे थोडे सौम्य करून सांगतोस, आणि बघता बघता गटाचा प्रमुख न राहता निरोप्या होऊन बसतोस.

तुझ्या पत्रात त्या दोघांच्या स्वभावाविषयी पानेच्या पाने आहेत. तो हेकट आहे, ती प्रत्येक कामात खुसपट काढते, त्याला ऐकून घ्यायची सवय नाही, तिला कौतुक करता येत नाही. भांडण कशावरून, हे मात्र तू एका ओळीत आटोपलेस: प्रोग्रॅम लिहून व्हायला उशीर झाला, ग्राहकाला दिलेली तारीख हलली नाही, आणि चाचणीसाठी ठेवलेल्या आठवड्याचे दोन दिवस उरले. अरे, मुद्दा एवढाच आहे, आणि तोच तुझ्या हातून निसटला! दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना माणूस परिस्थितीला कमी आणि स्वभावाला जास्त वजन देतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या प्रवृत्तीला नाव दिले. समोर नसलेल्या माणसाविषयी बोलताना तर ती मोकाट सुटते, कारण ‘त्या दिवशी माझ्यावर काय वेळ आली होती’ हे सांगायला तो तिथे नसतो.

व्यवस्थापनाच्या विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये संघर्षावर मांडणी करताना ग्रंथालयातला एक साधा प्रसंग सांगितला होता. लहानशा खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती आणि फॉलेट यांना ती बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती, ती मिळाली. यांना वारा अंगावर नको होता, तो आला नाही. खिडकी अर्धी उघडली असती, तर दोघेही कुरकुरत बसले असते. पण त्याला हवा हवी आहे आणि यांना वारा नको आहे, हे एकमेकांशी बोलल्यावाचून कळले नसते. तुझ्या त्या चाचणी करणारीला कदाचित आठवडा नकोच असेल. उद्या ग्राहकाकडे दोष निघाला तर बोट आपल्याकडे नको, एवढेच तिला हवे असेल. त्यालाही कदाचित तयार झालेले भाग थोडे थोडे करून आधीच देता येतील. हे मी दुरून तर्काने लिहितो आहे. खरे काय ते त्या दोघांनाच ठाऊक, आणि तेही समोरासमोर बसल्यावरच बाहेर येईल.

दोघांना एकत्र बसवशील तेव्हा मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५२ सालच्या लेखात सुचवलेली अट घाल: समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगायचे, मगच आपले मांडायचे. सुरुवातीला हे फार जड जाते. ‘म्हणजे तुझं म्हणणं मी कामचुकार आहे,’ असे पहिले वाक्य येते, समोरचा ‘नाही’ म्हणतो, दुसरे वाक्य येते, पुन्हा ‘नाही’. तू मध्ये पडू नकोस, शब्द पुरवू नकोस. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ‘तुला दोन दिवसांत सगळं तपासणं अशक्य वाटतं, आणि नाव तुझं खराब होईल’ असे काहीतरी निघते, आणि समोरचा खुर्चीत जरा मागे टेकतो. तेवढ्यावर तंटा मिटत नाही, पण बोलणे कामावर येते.

वरिष्ठांना सीसीमध्ये घालून तिने ईमेल पाठवली, असेही तू लिहिले आहेस. त्या ईमेलला सर्वांना उत्तर देऊ नकोस. तो त्याच लोटलेल्या दाराचा दुसरा प्रकार आहे.

या नियमापायी मला कठोर म्हटले गेले. माझा एक अगदी जिवाभावाचा सहकारी होता. एकदा तो एका नवख्या मुलाविषयी काही सांगायला आला आणि मी म्हणालो, ‘थांब, त्याला बोलावतो.’ तो उठून गेला, काही दिवसांनी गटही सोडून गेला, आणि आमचे बोलणे पुन्हा पूर्ववत झाले नाही. ते आजही मला सलते. पण मैत्रीखातर मी त्याचे ऐकून घेतले असते, तर त्या नवख्या मुलाने माझ्यावर कोणत्या आधारावर विश्वास ठेवायचा? मला माणुसकी नाही असे म्हणणाऱ्यांनी त्या मुलाच्या जागी उभे राहून पाहावे. आपल्या पाठीमागे आपल्याविषयी काही ठरत नाही, ही खात्री असेल तरच माणूस ‘माझे चुकले’ म्हणायला धजतो. मी ती खात्री दिली, आणि तिची किंमत मोजली.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेव. छळ, धमकी, अत्याचार, भेदभाव यांची तक्रार कोणी घेऊन आले, तर दार बंद करून ऐक, दोघांना समोरासमोर मुळीच बसवू नकोस, आणि संस्थेच्या तक्रार यंत्रणेकडे ती गुप्तता राखून पोहोचव. तिथे समोरासमोरचा आग्रह म्हणजे दुबळ्याला पुन्हा बलवानापुढे उभे करणे होय. तुझ्या गटातला वाद तसा नाही. म्हणून या अपवादाच्या आड लपू नकोस.

आता दोघांना एकत्र बोलावून घे. येण्याआधी त्यांनी तुला ‘जरा खासगीत’ म्हटले, तर नाही म्हण, पण सौम्यपणे. ते दोघेही थकलेले आहेत. बोलून एकमत झाले नाही, तर तारीख हलवायची की काम कमी करायचे, हे तू ठरव, दोघांच्या देखत ठरव, आणि कारणासह लिहून एकाच ईमेलने दोघांना पाठव. ग्राहकाशी बोलायचे कामही तुझेच आहे. ते त्या दोघांपैकी कोणाच्या गळ्यात घालू नकोस.

तुझा,
जुना सहकारी