संक्रांतीचे काळे टी-शर्ट बालवाडीच्या मुलांकडून रंगवून घ्यायचेत? मग हे वाचा

ताई, तुमच्याकडे तीन-चार वर्षांची वीसेक मुलं, बोरन्हाण शाळेतच करणार, काळे टी-शर्ट मुलांनीच रंगवावेत असं मनात आहे, पण गेल्या वर्षी काळ्यावर रंग दिसलेच नाहीत आणि पहिल्याच धुण्यात तडे गेले. वर पालक विचारतायत की तोच शर्ट २६ जानेवारीला चालेल का. एकेक करून सांगते, जरा लांबेल.

रंग न दिसण्याचं कारण साधं आहे. फेविक्रिल म्हणा किंवा कॅमलचे फॅब्रिक कलर म्हणा, साध्या बाटलीतले रंग बऱ्यापैकी पारदर्शक असतात. पांढऱ्या कापडावर छान उठतात, काळ्यावर लाल लावला की चॉकलेटी दिसतो आणि निळा तर गायबच होतो. मग आपण काय करतो, दिसत नाही म्हणून अजून थापतो, आणि होजिअरीचं कापड ताणलं जातं पण जाड थर काही ताणला जात नाही, म्हणून तडे. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. पर्लचे, म्हणजे मोत्यासारखी चमक असलेले, रंग काळ्यावर बरे दिसतात हे खरं, पण मुलांच्या हातचा रंग कुठे पातळ कुठे जाड पडतो त्यामुळे त्यांच्यावरही पूर्ण भिस्त ठेवू नका. काळ्यावर आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात द्यायचे, ते सुकले की त्यावर रंग. एवढं केलंत की काम झालं.

आणि यातच तुमच्या कामाची वाटणी पण होऊन जाते बघा. पांढरा हात तुम्ही आणि मावशींनी आदल्या दिवशी द्यायचा, मुलांच्या वाट्याला फक्त रंग लावायची दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. या वयाची मुलं त्याच्यापुढे तशीही बसत नाहीत, पण तेवढ्यात जे करतील ते शंभर टक्के त्यांचं असतं.

आता शर्ट. घाऊकात स्वस्त मिळणारे काळे टी-शर्ट पुष्कळदा पॉलिस्टरचे निघतात, दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणतोच. आतल्या शिलाईतला एक धागा ओढून काडीने जाळून बघा (मुलांसमोर नको), सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक काळा मणी होतो. मणी झाला तर शर्ट परत करा. पॉलिस्टरवर हा रंग नीट धरत नाही आणि नंतर गरम इस्त्रीही फिरवता येत नाही. माप एक नंबर मोठंच घ्या, थंडीत आतून स्वेटर घालतात आणि पुढच्या वर्षीही होतो. नवीन शर्ट आधी एकदा धुवायचेच, त्यातली खळ निघाल्याशिवाय रंग आत मुरत नाही, आणि काळा शर्ट पहिल्या पाण्याला रंग सोडतो तो वेगळाच. फॅब्रिक कंडिशनर घालू नका. सुकले की कॉलरच्या आत मार्करने... काळ्यावर मार्कर कसला दिसतोय, तर पांढऱ्या नाडीच्या तुकड्यावर नाव लिहून दोन टाके घाला. हे रंगवायच्या आधी, नंतर वीस सारखे दिसणारे पतंग कोणाकोणाचे ते ओळखत बसाल.

काळ्याबद्दल एक. आपल्याकडे संक्रांतीला काळं घालतात, थंडीत काळं ऊब धरतं म्हणून, आणि बोरन्हाणाला तर हौसेने घालतात. पण वर्गात तमिळ, तेलुगू, उत्तरेकडची घरं असतील तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सणाला काळं नको असतं. ऑर्डर द्यायच्या आधी पालकांना विचारून घ्या, ज्यांना नको त्यांना गडद निळा किंवा मरून द्या. कृती तीच, पांढरा हात द्यावाच लागतो.

डिझाइनबद्दल आता नीट ऐका, कारण इथे सगळे चुकतात. बोरन्हाणाला मुलांच्या गळ्यात हलव्याचा हार येतो, डोक्यावर मुकुट, दंडाला बाजूबंद. छातीवर काहीही काढलंत तरी हाराखाली झाकलं जाणार, शिवाय हलव्याचे काटे वर घासत राहणार. म्हणून पतंग पोटाशी एका बाजूला घ्या आणि त्याची शेपटी कुशीवरून मागे पाठीवर जाऊ द्या. किंवा सरळ पाठीवरच पतंग काढा, मुलं बोरं वेचायला वाकतात तेव्हा फोटोत पाठच तर येते! मला पाठीवरचा जास्त आवडतो, जागा मोठी मिळते आणि मुलाचं पोट मध्ये येत नाही.

पतंगाचा स्टेन्सिल जुन्या एक्स-रे फिल्मचा कापा. पुठ्ठ्याचा स्टेन्सिल दोन शर्टात ओला होऊन मान टाकतो, एक्स-रे पुसला की परत तयार. साधारण १५ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, टोकावर उभा. शर्टाच्या आत पुठ्ठा घाला आणि त्या पुठ्ठ्याला दुधाची पिशवी कापून गुंडाळा, नाहीतर रंग पलीकडे झिरपून पुठ्ठा आतून चिकटतो आणि ओढून काढताना पुठ्ठ्याचा पापुद्रा कापडाला राहतो. मग पांढरा लावायच्या आधी, हे महत्त्वाचं, पतंगाच्या जागी मास्किंग टेपच्या अरुंद पट्ट्यांनी कामट्या चिकटवायच्या, एक उभी आणि एक आडवी कमानीसारखी. वळणाला टेप लहान लहान तुकड्यांत लावा, एकसंध वळत नाही. कडा नखाने दाबून घ्या. टेपची टोकं पतंगाच्या थोडी बाहेर ठेवा, पुढे पकडायला लागतील. त्यावर स्टेन्सिल ठेवून स्पंजने पांढरा थोपटायचा, ब्रश ओढायचा नाही, ओढला की रंग स्टेन्सिलखाली शिरतो. पाणी घालू नका. घट्ट वाटला तर फॅब्रिक मीडियम मिळतं त्याचे चार थेंब घाला, त्याने रंग मऊ पण राहतो. पहिला हात सुकला की दुसरा. वीस शर्टांना पांढऱ्याच्या १०० मिलीच्या दोन बाटल्या आणून ठेवा, बाकीचे रंग त्या मानाने अगदी कमी लागतात. रात्रभर वाळू द्या. पुण्या-नाशकाकडे जानेवारीत पटकन वाळतं, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत जास्त वेळ धरा.

मुलांचा दिवस. एका वेळी चारच मुलं टेबलाशी, बाकीची दुसऱ्या ताईंकडे गाणी-गोष्टींना. सगळी वीस एकदम बसवलीत तर रंग शर्टापेक्षा भिंतीवर जास्त जाईल. बाबांचे जुने शर्ट उलटे, बटणं पाठीवर येतील असे घालायचे, बाह्या दुमडून. ॲप्रन विकत आणायची काही गरज नाही.

रंग प्रत्येकाला दोनच, आणि एकमेकांत मिसळले तरी छान दिसतील असे. पिवळा-केशरी, पिवळा-हिरवा, निळा-हिरवा, गुलाबी-जांभळा. लाल, हिरवा आणि निळा असे तीन एका ताटलीत दिलेत की पाच मिनिटांत शेणासारखा एकच रंग होतो आणि मग मूल पण हिरमुसतं. निवड मुलाला करू द्या, पण या जोड्यांतून. रंग ताटलीत चमचाभरच घाला, संपला की परत द्या.

स्पंजचा छोटा तुकडा कपड्याच्या चिमट्यात धरून द्या, त्यांच्या मुठीत चिमटा मस्त बसतो. ज्यांना हात भरवायला आवडतं ती बोटांनी करतील, करू द्या. वर्गात दोन-तीन मुलं अशी असतातच ज्यांना ओला गार रंग हाताला लागलेला अजिबात सहन होत नाही, त्यांना जबरदस्तीने पंजा उमटवायला लावू नका, चिमटा आहे की. "टप टप टप कर" एवढंच सांगायचं, कुठे लावायचं ते सांगायचं नाही. पतंगाबाहेर गेला रंग तर जाऊ दे, काळ्यावर तो फारसा दिसत पण नाही. काळ्या कापडाचा हा मोठाच फायदा आहे, गडबड गिळून टाकतं.

मग टेप काढायची. हा भाग मुलानेच करायचा, प्लीज स्वतः करू नका. टोक थोडं सोडवून त्याच्या हातात द्या आणि हळू ओढायला सांगा, खालून काळ्या कामट्या बाहेर येतात आणि त्या डागाडागांचा एकदम पतंग होतो. पोरं परत चिकटव म्हणतात. मुलाने लावलेला वरचा रंग ओला असतानाच काढा, तोही पूर्ण वाळल्यावर ओढलीत तर कड फाटून येते.

शेपटीसाठी लोकरीचा तुकडा पांढऱ्या रंगात बुडवून, निथळून, मुलाच्या हातात देऊन पतंगाच्या टोकापासून खाली ठेवायचा, वर कागद ठेवून हाताने दाबायचा, आणि लोकर उचलायची. वाकडीतिकडी रेघ उमटते तीच खरी वाटते. सगळ्यात शेवटी इअरबडने पांढरे ठिपके, म्हणजे तीळ आणि हलवा. ठिपक्यांत मुलं रमतात, थांबवावं लागतं. भेंडीचा देठाकडचा तुकडा कापून ठसा दिलात तर पाच पाकळ्यांचं फूल येतं तेही बाहीवर गोड दिसतं, फक्त कापलेली बाजू फडक्यावर टिपून मग रंगात बुडवा, चिकट असेल तर ठसा घसरतो. बटाट्याचंही तसंच.

टिकल्या, चमकी, गोंदाने चिकटवलेले आरसे यातलं काहीही नको. तीन वर्षांचं मूल ते उपटून तोंडात घालणार. कोनातल्या थ्रीडी आउटलायनरच्या मोहात पण पडू नका, तो वाळायला वेळ लागतो आणि तोवर वीसपैकी पंधरा जणांनी बोट लावून बघितलेलं असतं. रंगाच्या बाटलीवर नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असलं तरी तो खायचा नाहीच, हात ओले असताना लगेच साबणाने धुवा, वाळला असेल तर खोबरेल तेल चोळून मग साबण.

आणि एक विनंती. मुलं गेल्यावर ब्रश घेऊन पतंगाच्या कडा "जरा नीट" करत बसू नका. मी बघितलंय, संध्याकाळी शिक्षिका सगळ्या शर्टांवर काळी आउटलाइन काढतात, नावं कॅलिग्राफीत घालतात, आणि दुसऱ्या दिवशी मूल स्वतःचा शर्ट ओळखत नाही. मग त्यापेक्षा छापील आणलेले काय वाईट? पालकांना चकाचक फोटो हवा असतो हे मान्य, पण त्यासाठी आदल्या दिवशी स्टेन्सिल नीट लावा, पांढरा सरळ थोपटा. तुमची सफाई तिथे दाखवा, मुलाच्या रंगावर नाही.

वाळल्यावर उलट्या बाजूने गरम इस्त्री, मध्ये सुती फडकं, वाफ बंद. त्यानंतर निदान तीन दिवस धुवायचं नाही. म्हणजे १४ जानेवारीला घालायचे तर रंगवायचं काम ८-९ तारखेच्या आत संपलं पाहिजे, आणि ३१ डिसेंबरला शाळेत काहीतरी असतंच त्यामुळे शर्ट त्याच्याआधीच आणून धुऊन ठेवा. बोरन्हाण काय रथसप्तमीपर्यंत करता येतं, उशीर झालाच तर तारीख पुढे ढकला, ओला रंग अंगावर चढवू नका.

२६ जानेवारीला हाच पतंगाचा शर्ट घातला तर काही बिघडत नाही. पण पालकांपैकी कोणी म्हणेल की पतंगाऐवजी तिरंगाच काढू या, दोन्ही सणांना होईल, तर नाही म्हणा. राष्ट्रध्वज अंगावर घालायच्या कुठल्याही कपड्यावर छापायला किंवा भरतकाम करायला १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायद्यात आणि ध्वजसंहितेत मनाई आहे, आणि इथे तर ज्या शर्टावर उसाचे करवे आणि चिक्की सांडणार तो आहे. केशरी, पांढरे, हिरवे वेगवेगळे पक्षी काढा हवे तर, अंगठ्याच्या ठशाचा पक्षी या वयाला सहज जमतो, चोच-डोळा इअरबडने.

शर्ट घरी देताना सोबत चिठ्ठी द्या: उलटा करून गार पाण्यात हाताने धुवा, भिजत घालू नका, रंगावर ब्रश मारू नका, सावलीत वाळवा. हलव्याची साखर घामाने शर्टाला चिकटते, ती खरवडायची नाही, पाण्यात आपोआप विरघळते. आणि पुठ्ठे आतापासून जमवायला लागा, वीस शर्टांना वीस लागतात, किराणावाल्याकडे सांगून ठेवलंत तर खोके फुकट मिळतील.